कानाला लावलेला खडा

व्यापार खात्याच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून, परदेशांशी होणाऱ्या व्यापारी तंट्यांचा विभाग होता. विभाग म्हणजे तीन टेबलं, एक कुरकुरणारं कपाट आणि मागच्या अंगणात उभ्या असलेल्या ट्रककडे उघडणारी खिडकी. विभागाच्या प्रमुख बाईंना सगळी इमारत 'तंटाबाई' म्हणायची. पाठीमागे, अर्थातच. म्हणणाऱ्यांना त्यातली गंमत पुरती ठाऊक होती, कारण या बाई उभ्या जन्मात कुणाशी भांडल्या नव्हत्या. भाजीवाला वजनात मारतोय हे डोळ्यांदेखत दिसलं, तरी त्या मुकाट पिशवी पुढे करायच्या. शेजारणीनं आपला कचऱ्याचा डबा यांच्या दारात ठेवला, तर या तो खाली नेऊन ठेवायच्या आणि वर भेटल्यावर तिच्याशी हसायच्या. नवरा शाळेत गणित शिकवायचा. तो म्हणायचा, "आमच्या घरात भांडण करायचं म्हणजे दोन्ही बाजू मलाच सांभाळाव्या लागतात."

मग असल्या बाई तंट्यांच्या विभागात केस पांढरे होईपर्यंत टिकल्या कशा? त्याचं उत्तर अगदी सोपं आहे. त्या विभागात भांडायचंच नसायचं.

देशादेशांमधले व्यापाराचे तंटे परदेशातल्या एका मोठ्या इमारतीत पंचांपुढे चालतात. एक तक्रार करणारा, एक उत्तर देणारा. शिवाय ज्या देशाला त्या भांडणात रस असेल, त्याला त्रयस्थ म्हणून नाव नोंदवता येतं. त्रयस्थानं लांबलचक टेबलाच्या टोकाला बसायचं. त्याच्या वाट्याला एक सकाळ येते. पाळी आली की थोडक्यात बोलायचं, पंचांनी मान डोलवायची, आणि मग फायली आवरून बाहेर पडायचं. खरं भांडण दार लावून पुढे चालू. बाईंचा देश लहान, आणि वर्षानुवर्षं तो त्रयस्थ म्हणूनच जायचा. साखरेच्या भांडणात त्रयस्थ, पोलादाच्या भांडणात त्रयस्थ, चपलांच्या भांडणात त्रयस्थ. एकदा तर विमानांच्या भांडणातही त्रयस्थ, आणि यांच्या देशात विमान सोडाच, विमानाचा स्क्रूसुद्धा होत नव्हता.

बाईंना ते काम मनापासून आवडायचं. दुसऱ्यांची भांडणं ऐकायची, टिपणं काढायची, घरी यायचं. पण इतकी वर्षं टोकाला बसून त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. तक्रार घेऊन येणाऱ्या देशांवर सगळ्यात जास्त अन्याय झालेला असतो, असं मुळीच नाही. येतात ते आधी येऊन गेलेले. पहिल्यांदा येणारा देश उसना कोट घालून आल्यासारखा अवघडलेला असतो. कुठे बसायचं ते त्याला कळत नाही, आणि वकिलांची फी ऐकून त्याचे डोळे पांढरे होतात. तोच दुसऱ्यांदा येतो तेव्हा न विचारता खुर्ची ओढून घेतो. मोठ्या देशांचं तर विचारूच नका. आज ज्या मुद्द्यावर सपाटून मार खाल्ला, तोच मुद्दा पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणावर उगारून ते हजर. बाईंना आधी याचं हसू यायचं, मग नवल वाटायला लागलं, आणि पुढे पुढे वाईट वाटायला लागलं. कारण त्यांचा देशही एकदा हरला होता, आणि हरून त्यानं भलतंच काहीतरी शिकून घेतलं होतं.

ती हकीकत लोकरीच्या ब्लँकेटांची. बाई तेव्हा खात्यात नव्या होत्या, आणि विभाग आधीच्या प्रमुखांच्या हातात होता; त्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणायचे. शेजारच्या बलाढ्य देशानं एक आदेश काढून यांची ब्लँकेटं सीमेवर अडवली. साहेब तडफदार, त्यांनी थेट तक्रार ठोकली आणि टिपणं काढायला बाईंना बरोबर नेलं. सुनावणी छान चालली होती. आणि मध्येच समोरच्यांनी तो आदेश मागे घेतला. साहेबांचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच नवा आदेश आला. क्रमांक निराळा, मजकूर तोच. पंच म्हणाले, तुमच्या तक्रारीत जुन्या आदेशाचं नाव आहे आणि तो तर आता उरलाच नाही. नव्याबद्दल आम्हाला कुणी विचारलेलं नाही. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. 'आणि याच्या जागी येणारा पुढचा कुठलाही आदेश', एवढे शब्द तक्रारीत असते तर घोडं अडलं नसतं. परतीच्या विमानात साहेबांनी कानाला खडा लावला: पुन्हा म्हणून यात पडायचं नाही. यथावकाश साहेब निवृत्त झाले, बाई प्रमुख झाल्या, पण खडा खात्याच्या कानाला होता तसाच राहिला. कुणी काही अडवलं की खातं एक गोड निषेधाचं पत्र पाठवायचं आणि मूग गिळून बसायचं.

यंदा त्याच शेजाऱ्यानं काचेच्या बरण्यांवर जादा शुल्क बसवलं. म्हणे, तुम्ही बरण्या बनवायच्या खर्चापेक्षा स्वस्त विकता. बरण्यांचा कारखाना देशात एकच, शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर. आणि त्या कारखान्याचा भट्टीमास्तर म्हणजे बाईंचा सख्खा धाकटा भाऊ.

काचेच्या भट्टीचं दुखणं असं, की ती एकदा पेटली की वर्षानुवर्षं विझवायची नसते. गार झाली तर आतल्या काचेचा दगड होतो, विटांना तडे जातात, आणि मग भट्टी नव्यानंच बांधावी लागते. काच न काढता ती नुसती गरम ठेवता येते, पण त्यालाही जळण लागतं आणि माणसं लागतात. बरण्या पडून राहायला लागल्या तेव्हा मालकानं कामगारांना बोलावून सरळ सांगितलं. सरकार तंटा करणार असेल तर निकाल लागेपर्यंत मी भट्टी गरम ठेवतो, तुम्ही अर्ध्या पगारावर थांबा. करणार नसेल तर भट्टी रिकामी करू आणि आपापल्या वाटेनं जाऊ. कामगार म्हणाले, सरकार काय म्हणतं ते आधी कळू दे.

भावाचा बाईंना फोन आला. दुसऱ्या गावच्या फरशीच्या कारखान्यानं त्याला बोलावलं होतं. त्यांच्या भट्टीला जाणता माणूस हवा होता, आणि ते फार दिवस वाट बघणार नव्हते. "मी त्यांना जरा थांबा म्हणालोय," तो म्हणाला. "ताई, तुझंच खातं ना? मग काय ते कर. ही भट्टी माझ्या हातानं पेटवलीय मी."

बाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

बैठक मंत्रीबाईंच्या खोलीत भरली. मंत्रीबाई खात्याला नव्या होत्या. आधी शाळांचं खातं सांभाळून आलेल्या, त्यामुळे समोरच्याला कळलं नसेल तर तोंडावरून ओळखायच्या. सल्ला द्यायला साहेबांना मुद्दाम घरून बोलावलं होतं. ते वाळले होते, पण नाही म्हणण्याआधी चष्मा काढून हातात धरायची सवय कायम होती.

बाईंनी आधीच सांगून टाकलं, "माझा भाऊ त्या कारखान्यात भट्टीवर आहे. मी इथे बोलू नये असं वाटत असेल तर बाहेर बसते."

"ब्लँकेटांची ती सुनावणी आतून पाहिलेली माणसं या खोलीत दोनच," मंत्रीबाई म्हणाल्या. "त्यातलं एक बाहेर बसवून मी काय करू? बसा तुम्ही. फक्त भावाची बाजू आली की सांगा, ही भावाची म्हणून."

साहेबांनी चष्मा काढला. "जाऊ नये," ते म्हणाले. "त्यांच्याकडे वकिलांची फौज आहे. आज बरण्यांवर आपण बोललो तर उद्या ते दुसरीकडे पिळतील. एकदा गेलो होतो आपण. काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे."

मंत्रीबाईंनी बाईंकडे पाहिलं. साहेबांनी त्यांना हे काम हाताला धरून शिकवलं होतं. त्यांच्या शब्दापुढे बाईंनी कधी चकार शब्द काढला नव्हता, आणि आताही तोंड उघडलं तेव्हा आवाज बारीकच निघाला.

"साहेब, तेही हरतात. मी बघते ना दरवर्षी. पार तोंडावर आपटतात. पण ते हरले की बाहेरच्या बाकावर बसून वकिलाला विचारतात, कुठे चुकलं ते सांगा. आणि पुढच्या खेपेला तेवढं नीट करून येतात. आपलं कुठे चुकलं ते आपल्याला त्याच दिवशी कळलं होतं. एक ओळ राहिली होती. ती घालून आपण लगेच दुसरी तक्रार करायला हवी होती. आपण केली नाही. आणि आपण करत नाही हे त्यांना आता पाठ झालंय. म्हणून ते आपल्याच बरण्या धरतात, दुसऱ्या कुणाच्या नाही."

साहेब रागावतील म्हणून बाई वाट पाहत राहिल्या, पण साहेब रागावले नाहीत.

"तुला काय वाटलं, मी त्या एका ओळीला भ्यालो?" ते म्हणाले. "अगं, ओळ काय, मी दुसऱ्या दिवशी लिहून टाकली असती. पण सुनावणीला जाण्याआधी मी त्या विणकरांच्या गावात गेलो होतो. सगळ्यांना जमवून म्हणालो, वर्षभर कळ काढा, मी आणतो सोडवून. आणि त्यांनी कळ काढली. दुसरी कामं चालून आली होती, ती सोडली. एकानं माग विकायला काढला होता, तो माझ्या शब्दाखातर ठेवला. वर्षाची दोन झाली, तीन झाली. हरून आल्यावर मी पुन्हा गेलो त्यांच्याकडे. कुणी वाकडा शब्द बोललं नाही. एका बाईनं उठून मला पाणी आणून दिलं." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा काढला. "त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या ना, तर मी दुसरी तक्रार केली असती."

हे बाईंना कधीच माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, साहेब हरण्याला भ्याले. मनातल्या मनात त्यांनी साहेबांना थोडं कमीही लेखलं होतं. त्याची त्यांना आता लाज वाटली.

"तक्रार केली तर निकालाला किती वेळ लागेल?" मंत्रीबाईंनी विचारलं. प्रश्न बाईंना होता.

बाईंना भाऊ दिसला. वर्षभर, एवढा एकच शब्द बोलायचा अवकाश होता. मंत्रीबाई हो म्हणाल्या असत्या, मालकानं भट्टी गरम ठेवली असती, आणि भाऊ आपल्या भट्टीपाशी राहिला असता.

"तीन वर्षं," बाई म्हणाल्या. "चारही लागतील. आणि जिंकलो तरी शुल्क दुसऱ्या दिवशी उतरेल असं नाही. ते टाळाटाळ करतील."

"म्हणजे ही भट्टी?"

"नाही वाचायची."

"मग तुम्ही जा म्हणताय ते कुणासाठी?"

"त्यांनी पुढे ज्याला धरायचं ठरवलं असेल, त्याच्यासाठी. फरशीवाले असतील, चपलावाले असतील. मला माहीत नाही."

मंत्रीबाई म्हणाल्या, "ही भावाची बाजू नव्हे."

"नाही. भावाची बाजू मांडायची तर मला वर्षभर म्हणावं लागेल."

मंत्रीबाईंनी पेनाचं टोपण लावलं. "जाऊ आपण," त्या म्हणाल्या. "पण त्याआधी कारखान्यात जाऊन हे सगळं सांगायचं. मला सांगितलंत तसंच, काहीही न लपवता. आणि ते तुम्हीच सांगायचं."

जिन्यात साहेबांनी बाईंना गाठलं. कठड्याला धरून ते एकेक पायरी उतरत होते. "त्यांना थांबा म्हणू नकोस," ते म्हणाले. "ते स्वतःहून थांबतो म्हणाले तरी नाही. आणि भावानं विचारलं तर मुळीच नाही."

कारखान्यात सगळे बरण्यांच्या पट्ट्यापाशी जमले होते. पट्टा बंद होता, आणि पलीकडे भट्टी आपली धगधगत होती. तिच्या झळेनं बाईंचा चेहरा भाजून निघाला. त्यांनी सांगायचं ते सांगितलं. सरकार तक्रार करणार आहे. तीन-चार वर्षं लागतील. जिंकू की हरू, सांगता येत नाही.

"लढणार ना पण सरकार?" एकानं विचारलं.

"हो."

"मग थांबतो की आम्ही!"

"थांबू नका," बाई म्हणाल्या.

आणि मग जो गलका उडाला, त्याला तोड नाही. बरण्या खोक्यांत भरणारी एक बाई कमरेवर हात ठेवून पुढे आली. "आम्ही नाही तर लढताय कुणासाठी? फोटो काढून घ्यायला?" दुसरा म्हणाला, "पेपरात तुमचं नाव येईल, आमच्या पोटाचं काय?" तिसऱ्यानं तर तुमचं खातं म्हणजे वाऱ्यावर सोडणाऱ्यांचं खातं, असं तोंडावर सांगितलं. बाई उभ्या होत्या. एरवी असा आवाज चढला की त्या हसून, हात जोडून विषय मिटवायच्या. आज त्यांनी काहीच मिटवलं नाही. शिव्या खाऊन घेतल्या, आणि त्या खाताना त्यांना आतून बरं वाटत होतं, हे त्यांचं त्यांनाही विचित्र वाटलं.

भाऊ भट्टीच्या बाजूला उभा होता. गलका ओसरल्यावर त्यानं विचारलं, "बाई, वर्षभरात काहीच होणार नाही का?"

जन्मात त्यानं त्यांना कधी बाई म्हटलं नव्हतं.

"नाही," बाई म्हणाल्या. "वर्षभरात काहीच होणार नाही."

त्यानं खाली पाहिलं, अंगठ्यानं तळहाताचं घट्टे पडलेलं कातडं चोळलं, आणि मालकानं कौल मागितला तेव्हा भट्टी रिकामी करायच्या बाजूनं हात वर केला. भट्टीमास्तरचाच हात वर गेल्यावर मग बाकीचेही एकेक करून वर आले.

भट्टी रिकामी केली त्या दिवशी बाई रजा टाकून गेल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. तळाचं भोक भावानंच लांब सळईनं फोडलं. आतून दाट, लालबुंद काच सावकाश उतरायला लागली आणि खालच्या पाण्यात पडून तडतडत तिचे बारीक तुकडे व्हायला लागले. सकाळी सुरू झालेलं काम दुपार कलली तरी चाललंच होतं. लोक येऊन बघायचे आणि जायचे. भाऊ मात्र हलला नाही. धार बारीक झाली, मग तुटली, मग नुसते थेंब राहिले. शेवटी तो बाहेर फाटकाजवळच्या बाकावर येऊन बसला. त्याचा चेहरा भाजल्यासारखा लाल झाला होता. बाईंनी चहाचे दोन पेले आणले आणि त्याच्या शेजारी बसल्या.

"एक वर्ष म्हणाली असतीस तर मी थांबलो असतो," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"दोन म्हणाली असतीस तरी थांबलो असतो."

"तेही माहीत आहे."

त्यानं चहाचा घोट घेतला. "फरशीवाल्यांनी ये म्हटलंय. पुढच्या आठवड्यात जातो."

"बरं झालं," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला.

"बरं काय झालं त्यात? आणि रडू नकोस. तुझं लहानपणापासून हेच. मला कुणी मारलं की तू त्यालाच गोड बोलून परत पाठवायचीस, आणि घरी येऊन रडत बसायचीस. एकदा तरी त्याच्या अंगावर जायचं होतंस."

बाईंनी डोळे पुसले. त्याचं म्हणणं खरं होतं, आणि ते इतकी वर्षं त्याच्या मनात होतं.

"हरलीस तर?" त्यानं विचारलं.

"परत जाईन."

"आणि परत हरलीस तर?"

"तर परत जाईन!" हे त्या इतक्या जोरात बोलल्या, की फाटकावरचा पहारेकरी डोकावून बघायला आला. भावानं पेला खाली ठेवला. पोराला ताप आहे का बघावं, तसा तो त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

"ताई, राग आलाय तुला," तो म्हणाला.

"हो," बाई म्हणाल्या. "आलाय."

"चार वर्षं म्हणतेस ना? इतके दिवस पुरवायचा तर असा एकदम पेटवू नकोस. संपून जाईल. रोज थोडा थोडा घाल, आणि एक दिवससुद्धा सुट्टी घेऊ नकोस. मी एवढंच करत होतो तिथे." त्यानं उरलेला चहा एका घोटात संपवला आणि विटा किती तडकल्या ते बघायला तो आत गेला.